गणवेश-संचाचं परीक्षण: पँट पास, स्कर्ट नापास

शाळेचा तयार गणवेश-संच म्हणजे साधारणपणे दोन शर्ट, दोन पँट किंवा दोन स्कर्ट, टाय, स्वेटर, खेळाचा एक जोड आणि सोबत नियमांचा कागद. परीक्षण करणारे कापड चाचपतात, शिलाई ओढून बघतात आणि कागद बाजूला ठेवतात. इथे दोन्ही एकत्र तपासलं आहे. मुलांना बोलणी बसतात ती कागदामुळे, आणि कागदातला नियम मोडतो तो बहुतेक वेळा कापडामुळे. निकाल आधीच सांगून टाकतो: शर्ट थोड्या दुरुस्तीनं चालेल, पँट चांगली आहे, स्कर्ट आहे तसा घेऊ नये, आणि कागद पुन्हा लिहायला हवा.

सुरुवात स्कर्टपासून, कारण सगळी भांडणं तिथेच अडकलेली असतात.

कागदात लिहिलेलं असतं, ‘स्कर्ट गुडघ्यापर्यंत हवा.’ दुकानात उभं राहून माप घेतलं तेव्हा तो गुडघ्यापर्यंत असतोही. पुढचा हिशोब मात्र कुणी करत नाही. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. मुलींच्या वाढीचा वेग साधारण ११-१२व्या वर्षी सर्वांत जास्त असतो, वर्षाला ८ सेंटीमीटरच्या आसपास. मुलांचा तो काळ १३-१४व्या वर्षी येतो आणि वेग ९ ते १० सेंटीमीटरपर्यंत जातो. कंबर ते गुडघा हा भाग एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त भरतो. म्हणजे उंची ८ सेंटीमीटर वाढली की स्कर्टची कड जवळपास ३ सेंटीमीटर वर गेली. कापड टेरिकॉट असेल तर आटणं किरकोळ. सुती असेल आणि आधी आटवून घेतलेलं नसेल, तर पहिल्या काही धुण्यांत ३ ते ५ टक्के जातात. ५० सेंटीमीटर लांबीत दीड ते अडीच सेंटीमीटर. याच वयात नितंबांचा घेरही वाढतो, कापड बाजूला ताणलं जातं आणि खालची कड आणखी वर ओढली जाते. वर्ष संपता संपता कड गुडघ्याच्या ४-५ सेंटीमीटर वर असते. त्या मुलीनं स्कर्ट दुमडलेला नसतो की कापलेला नसतो. ती फक्त मोठी झालेली असते.

आता हाच हिशोब पँटला लावून बघा. कंबर ते घोटा म्हणजे उंचीचे सुमारे ६० टक्के. मुलगा ९ सेंटीमीटर वाढला की पँट पाचेक सेंटीमीटरनं आखूड. म्हणजे वर्षभरात पँट स्कर्टपेक्षा जास्त आखूड होते! मोजे दिसायला लागतात, घोटे उघडे पडतात. पण पट्टी घेऊन कुणी मुलाच्या घोट्याशी बसत नाही. ‘उंच झालास की रे’ म्हणून कौतुकच होतं. एकाच संचातल्या दोन कपड्यांत एकच दोष आहे. त्यावरून एकाची पाठ थोपटली जाते आणि दुसरीला वर्गाबाहेर उभं केलं जातं. गणवेशाचा नियम न्याय्य आहे की नाही हे पाहायला याहून सोपी कसोटी सापडणार नाही.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी शाळांच्या पोशाख-नियमांवर अहवाल दिला. सहसा मुली घालतात अशा कपड्यांवर बंदी घालणारे नियम ९० टक्क्यांच्या आसपास नियमावल्यांत सापडले; सहसा मुलगे घालतात अशा कपड्यांवरची बंदी ६९ टक्क्यांत. जवळपास ६० टक्के नियमावल्यांमध्ये शरीर किंवा कपडा मोजण्याचे नियम होते, म्हणजे मोठ्या माणसानं मुलीच्या मांडीजवळ पट्टी नेण्याची सोय छापील कागदातच करून ठेवलेली.

स्कर्ट घ्यायचाच असेल तर आधी तो उलटा करून खालची दुमड मोजा. तयार मालात ती २-३ सेंटीमीटरची असते, कारण कारखान्यात कापड वाचवायचं असतं. ७ ते ८ सेंटीमीटर दुमड मागा. वाढत्या वयात ती दोन वर्षं पुरते. दुमडीला मशीनची टीप नको, हातानं तुरपाई करून घ्या. उसवताना कापडाला भोकं पडत नाहीत. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. ती घालवायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन फडकं ओलं करा, ते रेघेवर ठेवून त्यावरून इस्त्री दाबा. आधी आतल्या बाजूला थोडंसं करून रंग जात नाही ना ते बघा. पॉलिएस्टरचं प्रमाण जास्त असेल तर रेघ पूर्ण जात नाही. मग तिच्यावरूनच कापडाच्या रंगाची बारीक फीत लावावी. अशी फीत लावलेला स्कर्ट ‘गणवेशात बदल’ ठरणार नाही, हे शाळेकडून आधी लिहून घ्या. ही छोटी गोष्ट वाटते, पण वाढत्या मुलीच्या जुन्या स्कर्टचं आयुष्य त्यावर ठरतं.

दुसरा दोष चुण्यांचा. पूर्ण चुण्यांच्या स्कर्टला नितंबांच्या मापाच्या तिप्पट कापड लागतं. ८० सेंटीमीटरला २४० सेंटीमीटर. स्वस्त मालात ते दीडशेवर आणलेलं असतं: चुण्या वरून तेवढ्याच दिसतात, पण आत उथळ असतात. अशा स्कर्टमध्ये खाली बसलं की कड एकदम वर चढते आणि पाऊल लांब टाकता येत नाही. तपासायला सोपं आहे. चुणी बोटानं उघडा. वर दिसणाऱ्या रुंदीच्या दुप्पट कापड आत असेल तर चुणी पूर्ण.

घालून बघताना आरशासमोर उभं राहून भागत नाही. शाळेत मूल उभं फार कमी वेळ असतं. खुर्चीवर बसायला सांगा, मग उकिडवं, मग जमिनीवर मांडी घालून. बुटाची नाडी बांधायला वाकू द्या, दोन्ही हात वर करू द्या, दोन पायऱ्या एकदम चढू द्या. यांतली एखादी गोष्ट करताना मुलीचा हात आपोआप कड सावरायला गेला, तर तो स्कर्ट परत करा. दिवसभर एक हात कपडा सावरण्यात गुंतलेला असेल, तर ती मैदानात उतरणार नाही. मग शिक्षक म्हणणार, मुलींना खेळाची आवड नसते.

यावरचा खरा उपाय म्हणजे पँट आणि शॉर्टचा पर्याय सगळ्यांना खुला ठेवणं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यानं २०१९ पासून सरकारी शाळांना मुलींसाठी पँट आणि शॉर्टचा पर्याय देणं बंधनकारक केलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शाळेची मुलींनी स्कर्टच घालावा ही सक्ती तिथल्या संघीय अपील न्यायालयानं जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. शाळेनं सक्तीमागचं कारण स्त्रीदाक्षिण्य असं सांगितलं होतं. उलटी बाजूही आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरला २०१७ च्या जूनमध्ये उकाडा वाढला, मुलग्यांना शॉर्ट घालायला परवानगी नव्हती, तेव्हा ते स्कर्ट घालून शाळेत आले; गणवेशात स्कर्ट होता, शॉर्ट नव्हती. नियम ‘मुलींसाठी’ आणि ‘मुलांसाठी’ अशा दोन रकान्यांत लिहिला की कुणीतरी अडकतंच. एकच रकाना करा: पँट, शॉर्ट, स्कर्ट, यांतलं काहीही, कुणीही.

पँटची शिलाई या संचात चांगली असते. बाजूच्या शिवणीत दीड-दोन सेंटीमीटर दाब (आत सोडलेलं जादा कापड), पाठीमागे कंबरेशी ३ सेंटीमीटरपर्यंत सोडलेलं कापड. मात्र मुलींना पर्याय म्हणून दिलेली पँट बहुधा मुलग्यांच्याच बेतावर कापलेली असते. नितंबांना बसेल ती घेतली की कंबरेत सैल होते, आणि आसन कमी पडल्यानं खाली बसताना मागून उतरते. आतून बटणांनी कमी-जास्त करता येणारं इलॅस्टिक असलेला नेफा मागा. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलांसाठीही तोच लागतो, शिवाय मागचं आसन ४-५ सेंटीमीटर उंच आणि मागचे खिसे काढलेले, कारण त्यांची शिवण दिवसभर टोचते.

खिशांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पँटला दोन बाजूंना खोल खिसे असतात, स्कर्टला एकही नसतो किंवा रुमालाचं टोक मावेल एवढा असतो. मासिक पाळीच्या दिवसांत पॅड न्यायला मुलीला पूर्ण दप्तर उचलून स्वच्छतागृहात जावं लागतं, आणि सगळ्या वर्गाला ते कळतं. कागदात ‘तासादरम्यान दप्तर बाहेर नेऊ नये’ असं कलम असेल तर तिची कोंडीच होते. बाजूच्या शिवणीत १५ सेंटीमीटर खोल आणि १२ सेंटीमीटर रुंद खिसा बसवायला कुठल्याही शिंप्याला फार वेळ लागत नाही. घडी केलेलं पॅड त्यात सहज मावतं. कपड्याच्या रंगाचंही तसंच. खालचा कपडा पांढरा, फिकट राखाडी किंवा फिकट खाकी असेल तर डागाच्या भीतीनं मुली खेळाच्या तासाला बसून राहतात. पांढऱ्या पोशाखाबाबत अत्यंत कडक असलेल्या विम्बल्डननंसुद्धा २०२३ पासून स्त्री खेळाडूंना गडद रंगाच्या आतल्या शॉर्टची मुभा दिली. शाळेच्या मैदानावर तेवढं व्हायला काय हरकत आहे? खेळाच्या जोडातला खालचा कपडा गडद निळा किंवा काळा असावा, बस्स.

शर्ट. संचातला पांढरा शर्ट बहुतेकदा १०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) आसपासच्या टेरिकॉटचा असतो आणि तो पारदर्शक असतो. छापील कागदावर कापडाचा एक पदर ठेवा. अक्षरं वाचता आली तर आतला कपडाही दिसणार. मग नियमपत्रकात कलम येतं, ‘मुलींनी आतून शमीज घालावी.’ उकाड्यात हा जादा थर फक्त मुलींच्या अंगावर चढतो. दोष कापडाचा असताना त्याचा भार मुलीवर टाकलेला आहे. १३०-१४० जीएसएमचं कापड घेतलं, किंवा छातीच्या भागाला आतून दुसरा पदर लावला, की त्या कलमाची गरजच उरत नाही. आतल्या कपड्याचा रंग ठरवून देणारी शाळा तर तपासणार कशी, हा प्रश्न स्वतःला विचारत नाही. टोकियोच्या महानगरी शिक्षण मंडळानं आपल्या शाळांतले असले नियम एप्रिल २०२२ पासून काढून टाकले.

उष्ण हवेत कापडाचं मिश्रण महत्त्वाचं. सुती धागा हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ६७:३३ टेरिकॉटला (६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के सुती) इस्त्री कमी लागते आणि ते टिकतं, म्हणून शाळा तेच निवडतात. पण घाम अंगावरच राहतो. निदान ६० टक्के सुती मिश्रणाचा पर्याय असावा. मानेमागची चिठ्ठी छापील हवी, शिवलेली नको. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांना ती दिवसभर छळते.

टाय हुकची किंवा ओढली की सुटणारी घ्यावी, प्रयोगशाळेत आणि यंत्रांजवळ ती काढायची मुभा लेखी असावी. स्वेटरबाबत ‘शाळेचं चिन्ह असलेलाच’ हा हट्ट सोडावा; साधा, गडद, एकरंगी स्वेटर चालतो असं लिहिलं की कुणी कुडकुडत बसत नाही. बुटांबद्दल ‘काळे, पायाला नीट बसणारे’ एवढं पुरे.

आता कागद.

त्यात ‘सभ्य’, ‘नीटनेटके’, ‘अतिरेकी’, ‘लक्ष विचलित करणारे’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाखाली रेघ ओढा. या शब्दांना माप नसतं. ज्याच्या हातात कागद असेल त्याचं मत हेच माप होतं. एकच शर्ट बारीक अंगाच्या मुलीवर ‘नीट’ आणि भरल्या अंगाच्या मुलीवर ‘घट्ट’ ठरतो. ‘लक्ष विचलित’ म्हणताना कुणाचं लक्ष, हे कधीच लिहिलेलं नसतं. पण शिक्षा होते ती जिच्याकडे पाहिलं गेलं तिला. बोटांच्या टोकांचं मापही तसंच फसवं: हात खाली सोडल्यावर बोटं जिथे टेकतील त्याखाली कड हवी, असा तो नियम. वयात येताना हातपाय धडापेक्षा आधी लांबतात, म्हणून लांब हातांच्या मुलीला त्याच उंचीच्या मैत्रिणीपेक्षा लांब स्कर्ट लागतो.

कलम लिहायची चांगली रीत म्हणजे काय झाकलेलं असावं ते सांगणं. अमेरिकेत इव्हान्स्टनच्या एका माध्यमिक शाळेनं २०१७ मध्ये असंच केलं: कोणते अवयव अपारदर्शक कापडानं झाकलेले हवेत ते सगळ्यांसाठी एकसारखं लिहिलं, आणि अंमलबजावणी करताना विद्यार्थ्याला लाज वाटेल असं वागू नये अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिली. गणवेश असलेल्या शाळेत याहून सोपं कलम चालतं: वर्षारंभी यादीप्रमाणे, योग्य मापाचा घेतलेला कपडा त्या वर्षभर नियमात बसतो, त्याची लांबी पुन्हा मोजली जाणार नाही.

केसांचा परिच्छेद सगळ्यांत जास्त दुखावतो, कारण शर्ट संध्याकाळी काढता येतो, केस नाही. ‘केस नैसर्गिक काळे असावेत’ या अपेक्षेतून जपानमधल्या ओसाकातल्या एका विद्यार्थिनीला जन्मतः तपकिरी असलेले केस पुन्हा पुन्हा रंगवायला सांगितलं गेलं, असं तिचं म्हणणं होतं. शाळेनं तिचं बाक आणि वर्गाच्या यादीतलं नाव काढून टाकल्याबद्दल न्यायालयानं २०२१ मध्ये भरपाई दिली, पण रंगाचा नियम मात्र वैध ठरवला. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात २०१६ मध्ये कृष्णवर्णीय मुलींनी केसांच्या नियमांविरुद्ध निदर्शनं केली. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये वेण्या, जटा अशा केशरचनांना वांशिक भेदभावाविरुद्धच्या कायद्यात संरक्षण दिलं. टेक्सासनंही तसा कायदा केला, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एका न्यायालयानं मुलग्यांच्या केसांच्या लांबीवरची शाळेची मर्यादा त्या कायद्याचा भंग करत नाही असं ठरवलं. धडा असा की कलमात ‘रचना’ लिहून ‘लांबी’ विसरली तर पळवाट राहते. केसांसाठी एकच कलम पुरतं: आग, रसायन किंवा फिरतं यंत्र जवळ असताना खांद्याखालचे केस बांधलेले असावेत, मग ते कुणाचेही असोत.

धर्म, आजार, अपंगत्व यांसाठी सवलतीचा अर्ज कागदाच्या मागच्या बाजूलाच छापलेला हवा. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं २००७ मध्ये नाकातल्या चमकीच्या प्रकरणात विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल दिला आणि वाजवी सवलतीची प्रक्रिया नियमावलीत घालायला सांगितली. अर्जावर निर्णयाची मुदत लिहा, सात दिवस पुरेत. निर्णय होईपर्यंत मूल वर्गातच बसेल, हेही लिहा.

नियमभंगाची नोंद ठेवायला सहा रकान्यांची वही लागते: तारीख, इयत्ता, मुलगा की मुलगी, कलम क्रमांक, कोणी नोंदवलं, किती मिनिटं वर्ग बुडाला. विद्यार्थ्याचं नाव नको. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. समजा शाळेत मुली ५० टक्के आहेत आणि ४० नोंदींपैकी ३४ मुलींच्या आहेत, तर ८५ टक्के झाले. त्या महिन्यात कलम तपासा, मुलींना नंतर. सगळ्या नोंदी एक-दोन शिक्षकांच्याच असतील तर तेही दिसेल. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. कपड्यापायी बुडालेला तास कुठलीही इस्त्री भरून काढत नाही, म्हणून तिथे शून्यच असावं.

खरेदीबाबत इंग्लंडचं उदाहरण उपयोगी आहे. तिथे २०२१ च्या कायद्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळांनी चिन्हांकित कपडे कमीत कमी ठेवायचे, वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करायची आणि एकाच पुरवठादाराशी करार असेल तर किमान दर पाच वर्षांनी निविदा काढायची. चिन्ह वेगळं विकत देऊन घरी शिवू दिलं की साधा शर्टही चालतो. वापरलेल्या कपड्याबाबत एक गोष्ट हमखास चुकते: गडद निळा आणि हिरवा रंग धुण्यांनी उतरतो, शिवाय दर वर्षीच्या रंगाईत छटा थोडी वेगळी येते. ‘छटा जुळायला हवी’ असं कलम ठेवलं की वर्षभर तेच कपडे धुऊन घालणारं मूल आपोआप दोषी ठरतं. हे कलम खोडा.

आणि शाळेच्या कार्यालयात एक कपाट असू द्या: प्रत्येक मापाच्या दोन पँट, दोन शर्ट, पाच-सहा पट्टे, मोजे, एक पॅडचं पाकीट, सुई-दोरा. शिवण उसवली, बटण तुटलं, डाग पडला की मूल स्वतः तिथे जाईल, कपडा घेईल आणि तास सुरू असतानाच परत येईल. कपाटाला कुलूप नको, आणि आतलं काही मागायला कुणाच्या टेबलासमोर उभं राहणंही नको.